जिची तिची पट्टी
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



भजनाला बसल्यावर पेटीवाले पहिला प्रश्न विचारतात, "पट्टी कुठली?" बहुतेक गावांत या प्रश्नाला बायका उत्तर देतच नाहीत. पेटीवाले बुवा आपल्या गळ्याला सोसेल ती पट्टी धरतात आणि आपण त्यांच्या मागे जातो. अभंगाचं धृपद कसंबसं निभावतं. पुढे चाल वर चढली की निम्म्या जणी नुसत्या टाळ वाजवतात. ज्या गातात त्यांचा आवाज फाटतो. घरी जाताना एखादी म्हणते, "मला कुठला आलाय गाण्याचा आवाज!"

हे वाक्य मी इतक्या गटांमध्ये ऐकलं आहे की आज त्यावरच बोलायचं ठरवलं. बोलणार मात्र बासरीबद्दल आहे. कारण बासरीची पट्टी बदलता येत नाही. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळता येतात. तबला हातोडीनं चढवता-उतरवता येतो. पेटीवर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाता येतं. बासरी एकदा कापली, तिला भोकं पाडली, की तिची पट्टी कायमची ठरली. म्हणून पट्टी म्हणजे काय, आणि ती कुणी कुणासाठी ठरवायची, हे बासरीच्या इतिहासातून फार सोपं होऊन कळतं. हा इतिहास बराचसा आपल्या मुंबईत घडला आहे.

काळी एक, पांढरी चार

आधी पट्टी समजून घेऊ. 'सा' हा काही ठरलेला एकच सूर नाही. जिथून गाणं सुरू करू तो आपला 'सा'. तो उंचावर धरला तर सगळं गाणं उंच जातं, खाली धरला तर सगळं गाणं खाली येतं. चाल तीच राहते. घर तेच, जोतं तेवढं उंच किंवा बुटकं.

महाराष्ट्रात हा 'सा' आपण पेटीच्या पट्ट्यांवरून ओळखतो. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यांना नंबर दिलेले आहेत. पांढरी एक, मग काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. अशा बारा झाल्या की पुन्हा पांढरी एक, वरच्या सप्तकातली.

गंमत अशी की ही पेटी मुळात आपली नाही. आलेक्झांडर देबाँ नावाच्या कारागिरानं पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचा हक्क नोंदवला. ती पायानं भाता मारायची पेटी होती. पुढे कोलकात्याला द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसून हातानं भाता मारता येईल अशी पेटी केली. तीच आपल्या नाटकांत, कीर्तनांत आणि भजनांत रुळली. आपण रेडिओवर बोलतो आहोत म्हणून सांगते, आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणं, म्हणजे मींड, पेटीला जमत नाही, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता. रेडिओनं नाकारली तरी देवळानं तिला सोडलं नाही. पट्टीची काळी-पांढरी नावं तर आपल्या बोलण्यात पक्की बसली.

आता मुद्द्याचं. पुरुषाचा गळा साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास मोकळा वाजतो. बाईचा गळा साधारण पांढरी पाच, काळी चार, काळी पाच अशा पट्ट्यांत रमतो. काळी एकपासून काळी चारपर्यंत पेटीवर सात पायऱ्या आहेत. पुरुषाच्या काळी एकमध्ये बाई गायला बसली तर तिच्यापुढे दोनच वाटा राहतात. वरचा 'सा' धरला तर अंतऱ्याला ओरडावं लागतं. खालचा धरला तर आवाज घशात बुडतो. दोन्हीकडून तिला वाटतं की दोष आपल्या आवाजाचा आहे. खरं तर पट्टी तिच्या मापाची नसते.

लांबी आणि सूर

जत्रेतली बासरी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. वेताएवढी, नाहीतर हातभर. टोकाला चोचीसारखं तोंड असतं. ते ओठांत धरून फुंकलं की ती लगेच वाजते. दुसरी बासरी आडवी. तिला चोच नसते, एक तोंडाचं भोक असतं आणि त्याच्या कडेवर फुंकर मारावी लागते. ती वाजवायला शिकावं लागतं.

दोन्हींचा नियम एकच. नळी जितकी लांब, तितका सूर खाली. नळीची लांबी साधारण निम्मी केली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. म्हणून जत्रेतली छोटी बासरी चिमणीसारखी किलबिलते. बासरी खाली, खर्जात उतरवायची असेल तर बांबू लांब घ्यावा लागतो.

इथे अडचणी सुरू होतात. पहिली अडचण बांबूची. मधे गाठ नको, कांड लांब हवं, भिंत पातळ हवी. असा बांबू आसामात मिळतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्या करण्यासाठी नावाजलेलं गाव, तिथेही बांबू आसामातूनच येतो. दुसरी अडचण बोटांची. बासरी लांब झाली की भोकं एकमेकांपासून दूर जातात आणि मोठीही होतात. बोटांची टोकं पुरत नाहीत. मग बरेच वादक बोट आडवं टाकून मधल्या पेरानं भोक झाकतात. तिसरी अडचण श्वासाची. मोठी नळी भरायला फुंकर जास्त लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती आपल्या कामाला येणार आहे. आपल्या आडव्या बासरीत सहाही भोकं झाकली की 'सा' वाजत नाही. खालच्या सप्तकातला 'प' वाजतो. वरची तीन भोकं झाकली आणि खालची तीन उघडी ठेवली की 'सा' मिळतो. म्हणजे 'सा'च्या खाली उतरायला थोडी जागा मुद्दाम राखलेली असते.

गिरगावच्या शाळा, परळचे स्टुडिओ

आता मुंबईकडे येऊ. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली ते काम मुंबईला आणलं. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५ साली गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ आपली संगीत शाळा सुरू केली. कुमार गंधर्व लहान वयात तिथेच शिकले. त्याआधी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं. बहुतेक बायकांना ते शक्यच नव्हतं. शाळा निघाल्या, फी भरून ठरलेल्या वेळेला जाता येऊ लागलं, तशा मध्यमवर्गीय घरांतल्या मुलीही तंबोरा घेऊन बसू लागल्या.

गिरगावातून दादर-परळकडे सरकलं की गिरण्यांची चिमणी दिसायची आणि तिच्या शेजारी सिनेमाचे स्टुडिओ. दादरला रणजित स्टुडिओ होता. परळला कारदार स्टुडिओ होता. परळलाच व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर सुरू केलं. या स्टुडिओंनी वादकांना रोजगार दिला. त्यात बासरीवालेही होते.

सिनेमाच्या गाण्यात पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरते. आज गायिका काळी पाचमध्ये गाणार, उद्या गायक पांढरी दोनमध्ये. सतारवाला तारा जुळवून घेईल. बासरीवाला काय करणार? तो पिशवी उघडणार. बासरीवाल्याच्या पिशवीत एक बासरी कधीच नसते. दहा-बारा असतात, लहानापासून मोठीपर्यंत, प्रत्येकीची पट्टी वेगळी. बोटांची चाल सगळ्यांवर तीच. एकीवर जे वाजवलं तेच दुसरीवर वाजवलं की तेच गाणं दुसऱ्या पट्टीत ऐकू येतं.

सख्यांनो, हे नीट ऐका. बासरीवाला गाणाऱ्या बाईला म्हणत नाही, "माझ्याकडे हीच एक बासरी आहे, तू तुझा गळा हिला जुळव." तो बासरी बदलतो. गळा एकच असतो, बासऱ्या बारा आणता येतात.

बत्तीस इंचांची बासरी

याच मुंबईत १९४० साली बंगालमधून एक तरुण आला. पन्नालाल घोष. जन्म १९११ चा, बारिसालचा. ते गाव आता बांगलादेशात आहे. तो सिनेमासाठी बासरी वाजवायचा आणि संगीतही द्यायचा. 'बसंत' हा १९४२ चा गाजलेला चित्रपट, त्याच्या संगीतावर पन्नालाल घोष यांचं नाव आहे. त्यांची पत्नी पारुल घोष गायिका होती. हिंदी सिनेमात पडद्यावर एकीनं ओठ हलवायचे आणि मागून दुसरीनं गायचं, ही पद्धत १९३५ च्या 'धूप छाँव'पासून सुरू झाली. त्या पहिल्या पार्श्वगायिकांमध्ये पारुल घोष होत्या.

पन्नालालजींच्या मनात एक गोष्ट सलत होती. त्या काळी बासरी छोटी होती. लोकगीताला, भावगीताला, सिनेमातल्या गाण्याला ती छान. पण ख्याल गायक जसा संथ आलाप करतो, खर्जात उतरतो, एका सुरावर थांबतो, तसं छोट्या बासरीवर होत नव्हतं. मैफलीत सतार, सरोद, सारंगीच्या पंगतीला बासरीला बसवत नव्हते.

त्यांनी बासरी लांब करायला घेतली. वेगवेगळ्या लांबीच्या बासऱ्या करून पाहिल्या. वेगवेगळे पदार्थ वापरून पाहिले, धातूसुद्धा, आणि शेवटी बांबूकडेच परत आले. असं करत बासरी बत्तीस इंचांची झाली. बत्तीस इंच म्हणजे अडीच फुटांहून जास्त. तुमच्या हाताच्या बोटांच्या टोकापासून खांद्याच्याही पुढे. सहा भोकांना त्यांनी सातवं भोक जोडलं. या बासरीचा आवाज खाली गेला, भरदार झाला, माणसाच्या गळ्यासारखा झाला. १९४७ पासून ते उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. १९५६ साली ते दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदात गेले आणि १९६० साली वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले. पण आज मैफलीत जी लांब बासरी दिसते ती त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरची आहे.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळी कुणीही म्हणू शकलं असतं, "बासरीला ख्याल जमत नाही." म्हणजे दोष बासरीचा. पन्नालालजींनी विचारलं, बासरीला जमत नाही, की या मापाच्या बासरीला जमत नाही? त्यांनी माप बदललं आणि जमलं.

बांबूची बासरी आयर्लंडला

ही गोष्ट फक्त आपल्याकडे घडली असं नाही. युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे, इंग्लंडच्या शेजारी. तिथल्या लोकसंगीतात चोचीची बासरी फार वाजते. ते तिला शिट्टी म्हणतात. रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रज शेतमजुरानं १८४३ साली पत्र्याच्या स्वस्त शिट्ट्या करायला सुरुवात केली आणि त्या घराघरांत गेल्या. 'टायटॅनिक' सिनेमाच्या गाण्यात जी हुरहुर लावणारी शिट्टी ऐकू येते, ती याच घराण्यातली.

पत्र्याची शिट्टी छोटी आणि उंच आवाजाची. सगळ्यात जास्त चालते ती आपल्या भाषेत पांढरी दोनची. तिथे मोठी, खालच्या आवाजाची शिट्टी कशी आली, ते ऐका. फिनबार फ्युरी नावाच्या आयरिश वादकाकडे एक भारतीय बांबूची बासरी होती. त्याला ती फार प्रिय होती. दौऱ्यावर असताना ती मोडली. दुरुस्त करायला तो इंग्लंडमधल्या बर्नार्ड ओव्हर्टन नावाच्या कारागिराकडे गेला. बांबू काही सांधला गेला नाही. तेव्हा ओव्हर्टननं १९७१ साली आपल्या घरामागच्या शेडमध्ये धातूच्या नळीची तशी मोठी शिट्टी करून दिली. तिथून आयर्लंडच्या संगीतात खालच्या आवाजाच्या शिट्ट्यांची रीत पडली.

आज त्या वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळतात. सगळ्यात चालणारी मोठी शिट्टी पांढरी दोनचीच, पण एक सप्तक खाली आणि जवळपास दोन फूट लांब. तिच्यावरही बोटं ताणावी लागतात, म्हणून तेही बोट आडवं टाकून मधल्या पेरानं भोक झाकतात. गाणारा दुसऱ्या पट्टीत गायला लागला की तेही पिशवीतून दुसरी शिट्टी काढतात. बोटं तीच, शिट्टी वेगळी. साता समुद्रापलीकडे आपल्या बांबूनं तीच शिकवण नेली.

खालचा आवाज, बाईचा आवाज

आता तुम्ही म्हणाल, बासरी कृष्णाची आणि वाजवणारे सगळे पुरुष, आमचा काय संबंध? संबंध आहे.

बाईचा आवाज म्हणजे बारीक, गोड आणि उंच, असं आपल्या डोक्यात बसलं आहे. जिचा आवाज जाड तिला लहानपणापासून चिडवतात. वय वाढलं की बाईचा आवाज साधारण खाली येतो. मग चाळिशी-पन्नाशीच्या बाया भजनातून मागे सरकतात. "आता आवाज राहिला नाही," म्हणतात. आवाज राहिलेला असतो. तो फक्त दोन-तीन पायऱ्या खाली उतरून बसलेला असतो.

गंगूबाई हनगलांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९१३ चा, धारवाडचा. तरुणपणच्या त्यांच्या तबकड्या ऐकल्या तर आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे घशाचं दुखणं झालं, त्यावर उपचार झाले, आणि आवाज खाली आला. इतका की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुष गातो आहे असं वाटावं. त्यांनी गाणं सोडलं नाही. आपली पट्टी खाली घेतली. त्या खालच्या, भारदस्त आवाजातच त्या सगळ्या देशाच्या गंगूबाई झाल्या. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

दुसरं नाव अन्नपूर्णादेवी. पन्नालाल घोष ज्यांच्याकडे शिकले त्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी. वडिलांनी तिच्या हाती सूरबहार दिलं. सूरबहार म्हणजे सतारीची मोठी, खालच्या आवाजाची बहीण. वजनाला जड, सुराला खोल. पुढे त्यांनी मैफलीत वाजवणं थांबवलं. दक्षिण मुंबईत ब्रीच कँडी भागातल्या घरात बसून त्या शिष्यांना शिकवत राहिल्या. २०१८ साली त्या गेल्या.

आज बासरी म्हटलं की ज्यांचं नाव ओठावर येतं ते हरिप्रसाद चौरसिया त्यांचेच शिष्य. त्यांच्याकडे आले तेव्हा ते नावाजलेले वादक होते. पण सगळं विसरून पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवावी म्हणून त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली. उजवीकडे धरत ती डावीकडे धरू लागले. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. अन्नपूर्णादेवी बासरीवादक नव्हत्या. त्या गाऊन शिकवायच्या. बाईच्या गळ्यातून निघालेला सूर पुरुषाच्या बासरीत उतरला. हरिप्रसादजींच्या गुरुकुलात पुढे देबोप्रिया आणि सुचिस्मिता या बहिणी शिकल्या आणि आज त्या लांब बासरीवर मैफली करतात. बाईचा हात लहान, तिला मोठी बासरी झेपणार नाही, ही समजूतही त्यांनी खोटी पाडली.

लालबागचं भजन आणि आपलं भजन

मग आपल्या मंडळात पट्टी पुरुषांची कशी आली? याचं उत्तर लालबाग-परळच्या चाळींमध्ये आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींचे आजोबा, सासरे गिरणीत होते. कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईला गेली, पण बहुतेक एकटी गेली. बायकामुलं गावी. एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीनं झोपायचे. सुट्टीच्या दिवशी, सणाला, गणपतीत भजन व्हायचं. पेटी, पखवाज, टाळ. मंडळ पुरुषांचं, म्हणून पट्टीही पुरुषांच्या गळ्याची. त्यात गैर काही नव्हतं. तिथे गाणारे तेच होते.

त्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया तिथेच राहत होत्या. भजनाचा आवाज त्यांच्या कानावर यायचा, हात मात्र भाकरी थापण्यात असायचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेची वाट दाखवली. बचत गटाची भाषा आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि तो मोडल्यावर कितीतरी कामगार गावी परतले. चाकरमान्यांबरोबर त्यांच्या चाली, त्यांची पेटी आणि त्यांची पट्टीही गावी येतच होती. आज गावोगावी बायकांची भजनी मंडळं उभी राहिली आहेत. साड्या आपल्या, टाळ आपले, वर्गणी आपली. पट्टी मात्र अजून तीच, गिरणीतल्या आजोबांची.

आपण गटाची बचत ठरवतो तेव्हा काय करतो? सगळ्यात पैसेवाली बाई जेवढी भरू शकते तेवढी रक्कम ठरवत नाही. सगळ्यांना दर महिन्याला झेपेल ती ठरवतो. तरच गट टिकतो. पट्टीचंही तसंच आहे.

आपली पट्टी कशी शोधायची

यासाठी पैसे लागत नाहीत. पेटी असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं, त्यात पट्टी बदलता येते. मात्र त्यात पट्ट्यांची नावं इंग्रजी अक्षरांत असतात, ती शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

पेटीवाल्यांना एक-एक पट्टी खाली वाजवायला सांगा आणि प्रत्येकीनं 'आ' करून तो सूर लावा. जोर लावायचा नाही. जिथपर्यंत सूर स्वच्छ येतो ती तुमची सगळ्यात खालची पायरी. बासरी आठवा, सगळी भोकं झाकली की खालचा 'प' वाजतो. तुमची ही पायरी म्हणजे तुमचा खालचा 'प'. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत पाच पट्ट्या वर या. तो तुमचा 'सा'. समजा तुमचा सूर काळी दोनपर्यंत स्वच्छ उतरला, तर पाच पट्ट्या वर काळी चार येते. पांढरी तीनपर्यंत उतरला तर पांढरी सहा येते.

मग त्या 'सा'पासून एक अभंग पूर्ण गाऊन पाहा. सगळ्यात वरच्या ओळीला मान ताणावी लागली, शिरा फुगल्या, तर एक पट्टी खाली या. ओरडल्याशिवाय गाता आलं तर ती तुमची पट्टी. वहीत नावापुढे लिहून ठेवा, जशी आपण बचत लिहितो.

मंडळाची पट्टी ठरवताना सगळ्यांच्या पट्ट्या समोर ठेवा आणि मधली निवडा. एकट्या मुख्य गाणारीची घेऊ नका. ज्येष्ठ बायांचे आवाज खाली गेले असतील तर एखादा अभंग मुद्दाम दोन पट्ट्या खाली घ्या आणि तो त्यांना म्हणू द्या. पेटीवाले कुरकुरतील. नव्या पट्टीत बोटं बसायला त्यांना चार दिवस लागतील. त्यांना चार दिवस द्या. सराव करणं त्यांचं काम आहे, त्यासाठी आपण घसा फोडून घ्यायचा नाही. अभंग तोच राहतो, चाल तीच राहते, पांडुरंगही तोच राहतो.

येत्या एकादशीला बसण्याआधी एवढं करून पाहा. आणि यावेळी कुणी विचारलं, "पट्टी कुठली?" तर उत्तर तुमच्यातल्याच कुणीतरी द्या.